जुनी व्हीटेक घेतलीय? पार्ट बदलण्याआधी हे मोजा

मे महिन्यातली दुपार, नाशिकचा द्वारका सिग्नल, आणि माझी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक मधोमध बंद. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. मागच्या एसटीचा हॉर्न थांबेना. दोघांनी ढकलून गाडी कडेला लावली, मी टपरीवर चहा घेतला, अर्ध्या तासाने परत चावी फिरवली तर पहिल्या सेल्फला सुरू.

त्या उन्हाळ्यात असं चार वेळा झालं. एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोल पंप, मग प्लग आणि वायरी. प्रत्येक वेळी गाडी 'ओके' होऊन मिळायची, कारण गॅरेजमध्ये सावलीत ती ओकेच असायची. शेवटी दोष सापडला डॅशबोर्डखालच्या काडेपेटीएवढ्या रिलेमध्ये (रिले म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच). आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर होती. तिथे पुन्हा सोल्डर मारायला दहा मिनिटं लागली.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कुणी नुकतीच जुनी सिटी व्हीटेक घेतलीय (१४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर, आपल्याकडे २००३ पर्यंत आलेली), कुणी पॅलिओ १.६, बलेनो, सीडिया किंवा टर्बोवाली ऑक्टेव्हिया. नाशिकच्या रॅलीत एस्टीम-बलेनो धूळ उडवत जाताना बघून ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं, त्यातलाच मी एक. उदाहरणं सिटीची देतोय कारण हात तिच्यातच काळे झालेत. तपासायची रीत मात्र सगळ्या जुन्या पेट्रोल गाड्यांना तीच.

सुरू करण्याआधी

गाडी घेतली त्याच आठवड्यात एक प्रश्न विचारा: टायमिंग बेल्ट कधी बदलला? विकणारा 'झालाय, झालाय' म्हणाला आणि बिल दाखवलं नाही, तर झालेला नाही असं धरून चाला. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करून घ्या, पुन्हा तेवढंच खोलायची मजुरी वाचते. बाकीचं सगळं यानंतर.

साहित्य फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, ८ ते १९ चे पाने, प्लग पाना, पॉलिश पेपर, इन्सुलेशनवाला पक्कड, एक जादाचा स्पार्क प्लग आणि एक वही. वहीला हसू नका. बंद पडली तेव्हा इंजिन गार होतं की गरम, पाऊस होता का, एसी चालू होता का, पेट्रोल किती होतं, परत किती मिनिटांनी सुरू झाली, हे त्याच दिवशी लिहा. माझ्या चार नोंदींमध्ये 'दुपार' आणि 'उन्हात उभी' हे शब्द चारही वेळा होते. बिलं घेण्याऐवजी त्या नोंदी मी आधी वाचल्या असत्या, तर पेट्रोल पंपाचे पैसे वाचले असते.

पायरी १: बॅटरी आणि अर्थिंग

वीस वर्षांच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्यापेक्षा धडधाकट असतं. म्हातारी होते ती वायरिंग. म्हणून सुरुवात इथून.

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी दमलीय, किंवा सेल्फ मोटर जास्त करंट ओढतेय. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. हेडलाइट, एसी, मागची काच तापवायची वायर, सगळं चालू करून पुन्हा बघा. १३ च्या आसपास लोळत असेल तर डायनामो (अल्टरनेटर म्हणा हवं तर, आपल्याकडे त्याला डायनामोच म्हणतात) किंवा त्याचा बेल्ट. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, तशी गाडी चालवू नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) महाग पडेल.

बॅटरीचा खरा कस डिसेंबरात लागतो. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की त्याच सकाळी आमच्या सोसायटीत दोन-तीन गाड्या जंपर लावून सुरू होतात. उन्हाळ्यात बॅटरी मरते आणि थंडीत तिचं मरण जाहीर होतं, असं आमचे वायरमन चाचा म्हणतात. त्यात तथ्य आहे: उष्णता प्लेटा खराब करते, आणि गार इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो.

आता अर्थिंग. हे नवखे हमखास वगळतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलवर नाही, आतल्या शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजेक्शनचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सेल्फ मारा. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. ०.५ च्या वर आलं म्हणजे बॅटरीतून निघालेला करंट गंजलेल्या वायरीत अडतोय. तीच परीक्षा इंजिन आणि बॉडी यांच्यामध्येही करा.

दुरुस्ती फुकट आहे. बॅटरीपासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाणारी जाड वायर, हेडपासून बॉडीकडे जाणारी पट्टी, आणि बऱ्याच होंडांमध्ये थर्मोस्टॅटच्या घराजवळ बोल्टने आवळलेली ईसीयूची अर्थ, असे सगळे बोल्ट खोला, पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत घट्ट आवळा, वरून थोडी व्हॅसलीन. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची. मंद हेडलाइट, एसी लावला की दचकणारं इंजिन, वेड्यासारखा हलणारा टेम्परेचरचा काटा, या तिन्ही तक्रारी माझ्या गाडीत या एका सकाळच्या कामाने गेल्या.

पायरी २: मागच्या मालकाने काय जोडलंय

बोनेट उघडा आणि काळ्या टेपचे जोड मोजा. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर, रिमोट लॉक, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे बाहेरून बसवलेला अलार्म. तो अलार्म बहुधा इग्निशनची किंवा पंपाची वायर तोडून मध्ये रिले घालतो. पंधरा वर्षांनी तो रिले सडला की गाडी कधीही, कुठेही बंद. तुम्हाला अलार्म लागत नसेल तर चांगल्या वायरमनकडून तो मुळापासून काढून मूळ वायर जोडून घ्या. फ्यूज बॉक्समध्ये १० च्या जागी ३० चा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी सापडली तर तिथे आधी कधीतरी शॉर्ट झालेला आहे. तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. गोडाऊन, द्राक्षबाग किंवा मोकळा प्लॉट शेजारी असेल तर आठवड्यातून एकदा टॉर्च मारून बघा.

आणि रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह खांब आणि सुटलेलं टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. दरवाजे बंद, चावी काढलेली, पंधरा मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा, जो काढल्यावर आकडा खाली येतो ती लाइन चोर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचाच फ्यूज उडेल. मी उडवलाय.

पायरी ३: सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होत नाही

इथे प्रश्न दोनच: स्पार्क आहे का, पेट्रोल येतंय का.

आधी कान लावा. एसी, रेडिओ बंद. चावी 'ऑन' वर आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घुर्रर्र असा आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. त्याच्या आधी डॅशबोर्डखाली टक् असा रिलेचा आवाज. गाडी सुरू होत असते त्या दिवसांत हा आवाज दहा वेळा ऐकून ठेवा, म्हणजे नसेल तेव्हा कळेल.

त्या पिढीच्या होंडांमध्ये एकाच डबीत दोन रिले असतात. एक ईसीयू आणि इंजेक्टरला करंट देतो, दुसरा ईसीयूच्या हुकमावर पंप चालवतो. डबी डॅशबोर्डखाली, म्हणजे काच बंद करून उन्हात उभ्या गाडीत सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन आतल्या पिनांभोवतीच्या सोल्डरला गोल चिरा पडतात. गरमीत चीर उघडते, पंप गप्प. काचा उघडून गाडी गार झाली की चीर मिटते, गाडी सुरू. माझं द्वारकेचं प्रकरण हेच होतं. खात्री करायची तर बंद पडलेल्या क्षणी चावी ऑन करा: चेक इंजिनचा दिवा लागतोय पण पंपाचा आवाज नाही, आणि डबीवर टिचकी मारली की आवाज येतो. डबी काढून प्लास्टिकचं झाकण उघडा, भिंगाने पिना बघा, प्रत्येक जोडावर नवं सोल्डर मारा. मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही हे करून देईल.

पंप वाजतोय पण गाडी सुरू नाही, तर स्पार्क. जादाचा प्लग एका हायटेन्शन वायरमध्ये (प्लगपर्यंत ठिणगी नेणारी जाड वायर) घाला, प्लगचा धातूचा भाग इन्सुलेशनच्या पकडीने हेडवर घट्ट टेकवा, आणि कुणाला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक, टक्-टक् वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, केविलवाणी असेल तर कॉइल, डिस्ट्रीब्युटरची (चारही प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप किंवा वायर. वायर हवेत लोंबकळत ठेवून ठिणगी बघू नका, करंटला वाट मिळाली नाही तर इग्नायटर (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतो. उघड्या हाताने तर मुळीच नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा टाळा.

या सिटीमध्ये कॉइल आणि इग्नायटर दोन्ही डिस्ट्रीब्युटरच्या आतच आहेत, आणि तेही गरम झाल्यावर दगा देतात. म्हणून 'गरम झाली की बंद, गार झाली की चालू' एवढ्यावरून निकाल देऊ नका. पंपाचा आवाज नसेल तर रिले, आवाज आहे आणि स्पार्क नाही तर डिस्ट्रीब्युटर. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरून जराही हलत नसेल तर संशय इग्नायटरकडे वळतो. तो इशारा समजा, पुरावा नाही. कॅप उघडल्यावर आत ऑइल दिसलं तर शाफ्टचं सील गेलंय. लालसर भुकटी आणि किरकिर आवाज असेल तर बेअरिंग. बाहेरून गळत असेल तर फक्त ओ-रिंग, ते शंभर रुपयांचंही काम नाही.

पायरी ४: मिसिंग, झटके, पिकअप नाही

पहिला पाऊस पडला आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी झटके द्यायला लागली, तर नव्वद टक्के मी हायटेन्शन वायरी आणि कॅपवर पैज लावीन. अंधाऱ्या पार्किंगमध्ये बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, फवारणीच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका शिडकावा करा. निळ्या ठिणग्या किड्यांसारख्या वायरीवर चालताना दिसल्या तर संपूर्ण सेट बदला, एक वायर नव्हे. वायरी काढताना क्रमांक लिहून ठेवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-४-२ आहे.

कोरड्यातही मिसिंग असेल तर चारही प्लग काढून ओळीने मांडा. कोरडा तपकिरी चांगला. ओला काळा म्हणजे तिथे पेट्रोल जळत नाही किंवा ऑइल येतंय. पांढराफटक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा, या इंजिनात १.१ मिलिमीटरच्या आसपास. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट आणि प्लगची सीलं बदला.

पेट्रोलची बाजू. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीतला गाळ मोकळा करून फिल्टरमध्ये आणतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या प्रकारचे बसवा, फिल्टर लवकर बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल तसंच टाकीत मुरवत ठेवू नका. इंजेक्टर वाजतोय का ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर आणि मूठ कानाला लावून ऐकता येतं. नाशिकच्या मायको सर्कलच्या, म्हणजे इंजेक्टरची नोझल बनवणाऱ्या मायको (आताच्या बॉश) कारखान्याच्या आसपास वाढलेल्यांना हे सांगायला नको. ज्यांच्या घरात कुणीतरी नोझलवर आयुष्य काढलंय, त्यांनी त्या काकांनाच बोलवावं.

व्हीटेकचं वेगळं. वरच्या आरपीएमला जो आवाज बदलून गाडी झेपावते ती झेप गायब असेल तर आधी डिपस्टिक बघा. ती यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, ऑइल कमी असेल किंवा इंजिन गार असेल तर ईसीयू ती चालूच करत नाही. मग सोलेनॉइडची (ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वायर, आणि त्याच्या गॅसकेटमधली जाळी. ती चिकट ऑइलने बुजलेली मी दोन गाड्यांत पाहिलीय.

एवढं करूनही एक सिलिंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्शन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार आकड्यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

पायरी ५: रेस वरखाली, गाडी गरम

ही दोन दुखणी एकत्र घेतोय, कारण मूळ बऱ्याचदा एकच असतं: कूलंट. आयडलिंगला रेस हजार-दोन हजार-हजार अशी झुलत असेल तर लोक थेट आयडल व्हॉल्व्ह (उभ्या गाडीची रेस सांभाळणारा हवेचा व्हॉल्व्ह) बदलायला निघतात. आधी रेडिएटर गार असताना झाकण उघडून पातळी बघा. कूलंट कमी असलं किंवा आत हवा अडकली की त्या व्हॉल्व्हपर्यंत गरम पाणी पोचत नाही आणि रेस झुलते. पातळी ठीक असेल तर कडक झालेले व्हॅक्यूम पाइप, आणि मग व्हॉल्व्ह साफ करणं.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. भरताना वरचा हवा काढायचा बोल्ट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबा.

फॅन फिरत नसेल तर रेडिएटरजवळच्या फॅनच्या दोन पिनांच्या स्विचचं सॉकेट काढा, चावी ऑन करून सॉकेटच्या दोन पिना वायरने जोडा. फॅन फिरला तर मोटर आणि रिले ठीक, स्विच बदला. मुंबईहून परतताना कसारा चढताना काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. तरी थांबत नसेल तर सुरक्षित जागी उभी करा. गरम झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही 'पाणी टाका' म्हणालं तरी. आणि कूलंट बाहेर कुठे गळत नाही पण कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलचं झाकण उघडलं तर दुधाच्या चहासारखा रंग, हे दिसलं की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करा.

कोड आणि पार्ट

ऑनलाइन मिळणारा स्वस्त स्कॅनर या सिटीत चालण्याची अपेक्षा ठेवू नका, आपल्याकडे ओबीडी-२ (स्कॅनरने दोषांचे कोड वाचायची ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं २०१३ मध्ये. त्या काळच्या होंडांत डाव्या सीटच्या बाजूला डॅशबोर्डखाली दोन पिनांचं मोकळं सॉकेट असतं. पिना वायरने जोडून चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो: लांब म्हणजे दहा, छोटा म्हणजे एक. ६ आला तर कूलंटचा सेन्सर, ७ थ्रॉटलचा, १४ आयडल व्हॉल्व्ह. पण ६ म्हणजे सेन्सर गेला असं नाही, त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच. आधी सॉकेट काढून पिना साफ करा.

पार्टांसाठी पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार होता, महापालिकेने तो २०१७ मध्ये हटवला. आता बहुतेक जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे वळतात. तिथे वापरलेला डिस्ट्रीब्युटर घ्याल तर शाफ्ट हाताने फिरवून बघा, आणि रिले, सेन्सर असली बारीक गोष्ट शक्यतो नवीच घ्या.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी त्र्यंबक रोडला काढा, कसाऱ्याला नाही. रस्ता बराचसा सपाट, सातपूरपर्यंत दर दहा मिनिटांवर गॅरेज, आणि बंद पडली तर टो करायला सोपं. परत आल्यावर गाडी काच बंद करून उन्हात अर्धा तास उभी करा, मग चावी ऑन करून पंपाचा आवाज ऐका आणि सेल्फ मारा. सुरू झाली तर चालू गाडीचे व्होल्ट वहीत लिहा, तारखेसकट.